उंबरठ्यावरचं चौथं बोट

घरून,
८ एप्रिल २०२५

चि. सौ. प्रतिभास,
अ. उ. आ. वि. वि.

माझा नंबर तू फोनवर बंद करून टाकलास, म्हणून कागद घ्यावा लागला. आईचं बरं आहे. केळीवर करपा पडलाय. एवढी खुशाली पुरे.

आपल्या धाकट्या ईश्वरला मृत घोषित करावं म्हणून मी कोर्टात अर्ज केला आणि सख्खी बहीण असून तू हरकत घेतलीस. गेला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, त्याला आता चौदा वर्षं झाली. जिवंत असता तर एकदा तरी आईला फोन केला असता. दिवाळीनंतर माझ्या जागृतीचं लग्न आहे. सोयरे विचारतात, मुलीचा काका मेला की पळाला? मी काय सांगू? तापीकाठी प्रकाशा गावी जाऊन एकदा त्याचा विधी करून मोकळं होऊ दे.

धाकट्या भावानं मुराळी होऊन घ्यायला यावं, तेव्हाच आखाजीला माहेरी येईन, असं म्हणून चौदा आखाज्या तू इकडे फिरकली नाहीस. गावच्या लेकी झोक्यावर बसतात आणि आपली आई दारात वाट बघत बसते. पुरे झाली नाटकं. हरकत मागे घे.

जावईबापूंना नमस्कार. लोभ आहेच, तो टिकवायचा की नाही हे तुझ्या हातात.

धर्मेंद्र


तळोदा,
१४ एप्रिल २०२५

ती. भाऊस,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून लिहिला, मनापासून नाही.

इतकी वर्षं तू सांगशील ते मी खरं मानलं. तू म्हणालास, विसरवाडीला ट्रकवर क्लीनर म्हणून चढला असेल. मी दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथल्या ढाब्यांवर त्याचा फोटो दाखवत फिरले. तू म्हणालास, सुरतला कारखान्यात असेल. मी दरवर्षी एक राखी जास्तीची घेतली, त्या सगळ्या डब्यात पडून आहेत. आणि तूच म्हणालास, आपला सालदार वाहरू शेवटचा त्याच्याबरोबर होता, त्याला विचारा. मी पोलिसांना वाहरूचं नाव दिलं. चार दिवस आत ठेवून त्याला मारलं. तो काम सोडून वर डोंगरात आपल्या पाड्यावर गेला. तळोद्याच्या बाजारात कधी दिसला तर मला बघून रस्ता बदलतो, आणि मी मनात त्याला खुनी म्हणत आले.

आता हे वाच. जागृतीनं परवा आत्याला गंमत म्हणून एक जुना फोटो पाठवला. सात वर्षांची ती डांगराचं फळ मांडीत घेऊन दारात बसलीय, मागे पितरांची घागर भरलेली. कोपऱ्यात तारीख आहे, ६ मे २०११, त्या सालची अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी. ईश्वर जाऊन चारच महिने झाले होते. उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढलेली आहेत. आपल्याकडे एकेका पितराचं नाव घेऊन एकेक बोट ओढतात. आजोबा, आजी, थोरले काका, म्हणजे तीन. वडिलांचं म्हणशील तर अण्णा त्याच फोटोत खाटेवर विडी ओढत बसलेत. मग फोटोत चार बोटं कशी?

गावभर पोराला शोधा म्हणत होतास आणि घरात त्याला पितरांत बसवून मोकळा झाला होतास? तुला काय ठाऊक होतं, ते लिही. वकिलाची भाषा नको.

आईला नमस्कार. उत्तर येईपर्यंत लोभाची गोष्ट काढू नये.

प्रतिभा


घरून,
१९ एप्रिल २०२५

चि. प्रतिभास,
अ. आ. वि. वि.

काही लेखी देऊ नका म्हणून वकिलानं बजावलंय. खड्ड्यात गेला वकील. तुझी नजर पहिल्यापासून अशीच. कुणाच्या ताटात मोठी पोळी पडली, तेही तुला दिसायचं.

ते बोट मी नाही ओढलं, आईनं ओढलं. मी पुसायला गेलो तर तिनं माझा हात झटकला. तेव्हापासून दरवर्षी ओढते, नाव न घेता.

डुकरं उसात घुसायची, म्हणून अण्णांनी बांधावर तार लावली होती. रात्री तिच्यात करंट सोडायचो. तेव्हा बरेच जण सोडायचे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी, कटून उसात पडलेला पतंग आणायला ईश्वर तिकडे गेला. तारेवरच संपला. तोंडात पाणी घालायलाही आम्हाला सापडला नाही. बाहेर कळलं असतं तर अण्णा आणि मी तुरुंगात. आईच म्हणाली, एक पोऱ्या ते गया, आते दुसरा नको जावाले. शेजारचा फड तोडून झाला होता. तिथल्या पाचटात लाकडं रचून त्याला ठेवलं. धूर सगळ्या गावानं पाहिला. पाचट जाळताहेत, असंच सगळे समजले. राख तापीत सोडली.

तुला सांगितलं नाही, कारण तू गप्प बसली नसतीस. आणि वाहरूचं म्हणशील, तर पोलिसांकडे तू गेलीस, मी नाही. हे विसरू नको.

अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. सगळं त्यांच्यावर ढकलता आलं असतं. पण उजाडायच्या आत तार बंद करायचं काम माझं होतं, आणि मी झोपून राहिलो. झालं समाधान? आता हरकत मागे घे आणि हा कागद जाळून टाक.

अजून भाऊ मानत असलीस तर लोभ असू दे.

धर्मेंद्र


तळोदा,
२४ एप्रिल २०२५

धर्मेंद्र,

वरचा मायना मुद्दाम गाळलाय.

पत्र वाचून दोन दिवस मी चूल पेटवली नाही. डब्यातल्या राख्या काढून बघितल्या आणि परत ठेवल्या. टाकायच्या कुठे, तेही कळेना. आईचा राग करावा असं फार वाटतं, पण ती नाव न घेता बोट ओढते ते डोळ्यांसमोर येतं आणि जमत नाही. तुझा राग मात्र जमतो.

हरकत मी मागे घेणार नाही. अर्जात तू लिहिलंयस, की ईश्वर घर सोडून निघून गेला. माझा भाऊ कुठेही गेला नव्हता. घडलं तसं लिहून दे, मी पहिली सही करते. सोयऱ्यांना काय सांगायचं, ते तुझं तू बघ.

पोलिसांकडे मी गेले, हे तू बरोबर लिहिलंस. म्हणून उद्या सकाळच्या जीपनं वाहरूच्या पाड्यावर जाते आहे. तुझं पत्र पिशवीत घेतलंय. आधी त्याच्या पाया पडेन, मग ते सबंध वाचून दाखवेन आणि कागद त्याच्याच हातात देईन. जाळायचा की पोलिसांकडे न्यायचा, ते तो ठरवेल. तो मला अंगणात उभी करेल की नाही, याची भीती वाटते. तरी जाते आहे.

तुझ्याकडे मागावा असा लोभ आता उरला नाही.

प्रतिभा

ता. क. बुधवारी आखाजी. आईला म्हणावं, यंदा ईश्वरचं बोट ओढताना त्याचं नाव घे. मोठ्यानं घे.