दोन ब्रेकांमधली पट्टी

अप्पा,

आज सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. कोल्हापूरबाहेरच्या माळावर गाड्यांचे ब्रेक तपासायचं मैदान होतंय, त्याचा आराखडा मी केलाय. त्यात एक लांब रस्ता आहे, दोन उभ्या पट्ट्यांचा, अर्धा कोरड्या काँक्रीटचा आणि अर्धा गुळगुळीत फरशीचा. फरशीवर सतत पाणी सोडायचं, गाडीची एका अंगाची चाकं कोरड्यात, दुसऱ्या अंगाची ओल्यात ठेवायची आणि ऐन वेगात ब्रेक दाबायचा. गाडी कोरड्या बाजूला ओढ खाते, म्हणून तिकडे मोकळी जागा लागते. पावसाच्या पाण्याचा उतार बघून मी मागाहून दोन्ही पट्ट्यांची अदलाबदल केली, आणि फरशीवर पाणी सोडणारं पंपघर हलवायचं राहून गेलं. आता ते नेमकं कोरड्या बाजूला उभं राहणार. साहेबांनी माझ्यावर विसंबून सही केली, उद्या पाया भरायचा आहे, आणि हे माझ्याशिवाय कुणाच्याही लक्षात आलेलं नाही. गप्प बसले तर कधी ना कधी कुणीतरी ड्रायव्हर त्या भिंतीवर जाणार. बोलले तर पंधरा वर्षांनी मिळालेलं हे काम हातचं जाणार. जेवण गेलं नाही. नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरतेय.

तुमचं मैदान म्हणजे शिरोळचा रस्ता, आपल्या गॅरेजपासून पाटाच्या पुलापर्यंत. दुरुस्त केलेला ट्रॅक्टर तुम्ही सुसाट सोडायचात, पुलाच्या अलीकडे ब्रेक मारायचात आणि उतरून चाकाची खूण टेपनं मोजायचात. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं. "अप्पा, लवकर थांबला की!" मी ओरडायची. "थांबला गं, खरं गेला कुठं त्ये बघ की आदी," तुम्ही म्हणायचात. मी इंजिनिअरिंगला निघाले तेव्हा तीच टेप तुम्ही पिशवीत टाकलीत. तिचे पहिले दोन इंच तुटलेले. "दोन इंच वजा करत जा, आनि काय." अजून वापरते, साइटवरची माणसं हसतात.

ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल, एकेका मागच्या चाकाचा एकेक. शेतात वळताना ते सुटे ठेवायचे, रस्त्यावर आलं की मधली पट्टी लावून एकत्र जोडायचे. पट्टी नसेल आणि वेगात एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर गर्रकन त्या अंगाला फिरतो. मी सातवीत होते. तुम्ही पट्टी लावलीत आणि चहाला आत गेलात. मी सीटवर चढले आणि पट्टी काढ-घाल करत बसले, तो टक् आवाज मला फार आवडायचा. आईनं हाक मारली तशी पट्टी सुटीच ठेवून उडी मारून पळाले. तुम्ही मिशा पुसत बाहेर येता, चढता, निघता. पुलाजवळ ट्रॅक्टर उजवीकडे फिरतो आणि तुमच्यासकट पाटात जातो.

दवाखान्यात ट्रॅक्टरमालक भेटायला आला. "पट्टी लावायची इसरलासा व्हय मिस्त्री?" तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "व्हय, माझंच ध्यान न्हवतं." मी डबा घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभी होते.

मोडलेला पाय जुळला, पण तुमचा स्वतःवरचा भरवसा काही जुळला नाही. निघालेला ट्रॅक्टर थांबवून तुम्ही पुन्हा उतरायचात, वाकून पट्टी चाचपायचात, गिऱ्हाईकं एकमेकांकडे बघायची. स्वयंपाकघरातही तेच. भरल्या ताटावरून उठून गॅसचं बटण बघून यायचात. एकदा मी वैतागून म्हणाले, "किती वेळा बघताय अप्पा, बंद आहे की!" तुम्ही चिडला नाहीत. "त्या दिवशी पट्टी बी लावल्यागत वाटतंय की गं मला," म्हणालात आणि परत ताटावर बसलात. बोलायला तेवढी एक जागा होती. मी तुम्हाला आमटी वाढली. पुढं तुम्ही ट्रॅक्टर चालवणंच सोडलंत, दुसऱ्याला बसवायचात आणि बाजूला उभे राहायचात. माझी मला लाज वाटते, अप्पा. मैदानं आखते आणि लोकांना सुरक्षितता शिकवते.

आत्ता मध्येच उठून साहेबांना फोन केला. त्यांनी पंपघराची जागा पुन्हा एकदा विचारून घेतली. मग म्हणाले, "पाया थांबवतो. पण बाई, आराखडा आता दुसऱ्याकडून तपासून घ्यावा लागेल." म्हटलं, घ्या. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि फोन ठेवल्यावर मला रडू फुटलं, ते कामासाठी नव्हतं.

तुम्ही गेल्यापासून आई माझ्याकडेच असते. कुणी पाहुणा आला आणि तुमचा विषय निघाला की ती अजून सांगते, "हातात जादू हुती त्यांच्या, खरं त्या दिवशी ध्यान न्हवतं बगा." मी शेजारी बसून ऐकते. हा कागद कुठे पाठवायचा नाही, तुम्हाला सांगून आता काय उपयोग? जिला सांगायचं ती आत भाकऱ्या थापतेय, इथवर आवाज येतोय. साहेबांना सांगितलं. तिला अजून सांगितलेलं नाही.