विहिरीत शिकलेलं पोहणं

बाबा, मला तुम्हाला एक विचारायचं आहे. तुम्ही मला पोहायला शिकवलंत तेव्हा तुमच्या मनात नेमकं काय होतं? तुम्ही गेलात त्या वयाच्या कितीतरी पुढे मी आता आले आहे. बाकीचे प्रश्न वाटेत गळून पडले, हा एवढा राहिला. घरात तुमच्या मनाईला तोटा नव्हता. दिवेलागणीनंतर अंगणाबाहेर पाय टाकायचा नाही, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्याकडे फिरकायचं नाही, बाबा कुठे आहेत असं कोणी विचारलं तर 'बाजारले गेले' यापलीकडे बोलायचं नाही, चिंचेवर चढायचं नाही. आणि असा माणूस एका सकाळी आपल्या लेकीच्या पाठीला दोन वाळलेले भोपळे बांधतो आणि तिला मळ्यातल्या विहिरीत सोडतो. आपल्या गावात तेव्हा मुली तर सोडाच, निम्म्या मुलग्यांनाही पोहता येत नव्हतं.

तो निजामाच्या राज्याचा शेवटचा पावसाळा होता. शेवटचा आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. गावात सगळे हळू आवाजात बोलत. पैनगंगा दुथडी वाहत होती, पल्याडचा इंग्रजांचा मुलूख आता स्वतंत्र झाला होता आणि आपण अल्याड मोगलाईतच होतो. आई विहिरीवर मोटेच्या थारोळ्याशी उभी आहे, पदर तोंडाला लावून. "पोरीच्या जातीले पोहून काय कराचं हाय?" ती म्हणते. तुम्ही पायऱ्या उतरून छातीएवढ्या पाण्यात उभे राहता, माझ्या हनुवटीखाली तळहात धरता. "पाण्याले मारू नको. मागं सरकव. तू आपोआप पुढं जाशीन." पाणी थंड आहे, कपारीतले पारवे फडफडतात, आणि मला तुमचा हात सोडायचा नाही. तुम्ही तो हळूच काढता. काही दिवसांनी एक भोपळा गेला, मग दुसराही. ज्या सकाळी मी एकटी भिंतीपासून भिंतीपर्यंत गेले, त्या सकाळी तुम्ही शाबासकी दिली नाहीत. नुसते पायरीवर बसलात आणि म्हणालात, "आता पाठीवर पडून दाखव. दम गेला तर पाठीवर पडाचं. घाबराचं नाही." तीच एक गोष्ट तुम्ही माझ्याकडून सगळ्यांत जास्त वेळा करून घेतलीत.

मग निजाम गेला. झेंडा बदलला, नाक्यावरचे शिपाई निघून गेले आणि त्या खोलीत शेळ्या बसू लागल्या. इतर घरांतली मुलं मोकळी सुटली. मला वाटलं, आता मीही सुटले. पण तुम्ही एक नवीनच नियम केलात, आणि तो बाकी सगळ्या नियमांपेक्षा कडक होता: नदीत उतरायचं नाही. घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा नाही. कपडे धुवायला आईबरोबर जायचं तरी मी दगडावर बसायचं. मी एकदा विचारलं, "मले पोहता येते, मंग काऊन नाही?" तुम्ही वांग्याच्या वाफ्याला पाणी देत होतात. वर न बघता म्हणालात, "आता गरज नाही." हे उत्तर मी कितीतरी वर्षं उलटसुलट करून पाहिलं. गरज नाही म्हणजे आधी होती. कसली?

मी मोठी होत गेले तसा तो नियम मला टोचायला लागला. भीती नव्हती, उत्सुकता होती. पल्याड काय आहे? तिकडची वांगी आपल्यासारखीच असतात का? तिकडची माणसं वेगळी बोलतात का? रोज तोच काठ दिसायचा, तीच बाभळीची रांग, संध्याकाळी धूर, आणि कधी कधी वाऱ्यावर कोणाची तरी हाक. त्याच सुमाराला राज्यं भाषेप्रमाणे वाटायची बोलणी गावात आली. पारावर रोज नवी खबर. कोणी म्हणायचं राजुरा तिकडं चाललं, किनवट तिकडं चाललं, आपण इकडंच. शाळेतले मास्तर तेलुगूची बाराखडी गिरवायला लागले होते आणि मुलं त्यांना हसायची. तुम्ही आदिलाबादच्या बाजारातून भाजी विकून आलात की लोक तुम्हाला विचारायचे, "काय म्हणतेत तिकडं?" तुम्ही म्हणायचा, "वांगे घेतेत अन् जातेत."

माझी मैत्रीण, कुंभाराची, ती तुम्हाला आठवत असेल. दिवाळी होऊन गेली होती, कापूस फुटला होता. आम्ही दोघी दुपारी काठावर सरपण गोळा करत होतो. ती म्हणाली, "आता पुन्ना नाका बसते म्हणे. दोन राज्यं होतेत. मंग कोणालेच पल्याड जाता येत नाही." मी म्हटलं, खोटं. ती म्हणाली, "तुले काय, तुया बाप तुले पाय बी भिजवू देत नाही. मोठी म्हणते पोहता येते!" पाणी उतरलं होतं, काठाकडून तर झोपल्यासारखं दिसत होतं. मी लुगड्याचा काचा मारला, पदर कमरेला खोचला. ती हसत होती. मी गळ्याएवढ्या पाण्यात गेले तेव्हा तिचं हसू थांबलं. "ये ना वं मांगं," ती ओरडली, "मी गमतीनं म्हणलं!"

विहिरीतलं पाणी उभं असतं, बाबा. ते तुम्हाला कुठं नेत नाही. मला वाटलं होतं, नदी म्हणजे लांब विहीर. अर्ध्यावर खालून काहीतरी पायाला धरल्यासारखं ओढायला लागलं. मी समोरच्या बाभळीकडे तोंड करून हात मारत होते आणि बाभळ बाजूला सरकत होती. मैत्रीण दिसेनाशी झाली, वळण आलं, नाकातोंडात पाणी गेलं. मग मी तेच केलं जे तुम्ही करून घेतलं होतं. पाठीवर पडले. वर निळं आकाश आणि कानात पाण्याचा एकच आवाज. धार मला कुठं नेते ते मी बघत राहिले. शेवटी तिनं मला एका रेताडीवर नेऊन टाकलं, पल्याडच्या.

वरच्या शेतात एक बाई आणि तिची, माझ्याहून थोडी लहान मुलगी कापूस वेचत होत्या. बाई ओटीतला कापूस तसाच सांडत खाली धावली. तिनं मला पालथं घातलं, पाठ चोळली, लेकीला घोंगडी आणायला पिटाळलं. मी बोलायला लागल्यावर तिनं विचारलं, "कोण्या गावची?" मी बोटानं अल्याड दाखवलं. "कोणाची?" मी तुमचं नाव नाही घेतलं, बापाचं नाव कसं घ्यायचं. चिंचेजवळ पायऱ्यांची विहीर आहे, त्या मळ्यातली, एवढंच सांगितलं. तिचा माझ्या पाठीवरचा हात थांबला. तिनं माझं तोंड वर करून नीट पाहिलं.

"तुया बापानं आमाले आणलं, माय," ती म्हणाली. "धामधुमीच्या साली."

तिचा नवरा आधीच नदी ओलांडून गेला होता. ती दोन लेकी घेऊन झाकड पडायच्या, अंधारायच्या वेळेला आपल्या मळ्यात आली. पल्याड नेणारे डोंगे नाक्यावरच्या शिपायांनी बंद केले होते. तुम्ही धाकटीला पाठीवर बांधलंत, मोठीला भोपळ्यांवर घालून पुढं ढकलत नेलंत, आणि ती स्वतः मागून दोन भोपळे धरून आली. अर्ध्या नदीत मोठीची गाठ सुटली. "त्यानं तीनदा बुडी मारली, पाठीवर हे लहान असून," ती म्हणाली. "मंग मीच वरडली, हे तरी वाचव म्हणून." तुम्ही धाकटीला काठावर तिच्या मांडीवर ठेवलंत आणि परत पाण्यात शिरलात. "मी त्याले कदी बोल लावला नाही. पण तो पुन्ना वर आलाच नाही आमच्याकडं. एकडाव बी नाही." धाकटी, म्हणजे ती घोंगडी आणणारी मुलगी, हे सगळं माहीत असल्यासारखी उभी होती. मोठी त्या वर्षी केवढी होती हे मी विचारलं नाही. बाईनं माझ्या खांद्याला हात लावून स्वतःच सांगितलं, "असती तर तुयाहून जराशी मोठी."

तेवढ्यात तुम्ही आलात. कुंभाराच्या पोरीनं गावभर ओरडत जाऊन सांगितलं होतं की मी वाहून गेले. वरच्या घाटावरून डोंग्यानं पार होऊन तुम्ही काठाकाठानं चालत आला होता, आणि तुम्ही जिवंत मुलगी शोधत नव्हता हे मला तुमच्या चालण्यावरूनच कळलं. हातात काठी, नजर झुडपांच्या मुळांशी. मी हाक मारली. तुम्ही वर पाहिलंत. मला पाहिलंत, मग माझ्या शेजारी तिला, आणि जिथं होता तिथंच उभे राहिलात.

"ये वर, भाऊ," ती म्हणाली.

"पोरगी न्याले आलो."

"नेशीन ना. आदी बस."

तुम्ही बांधावर बसलात, उकिडवे, पाहुणा बसतो तसे नाही. ती मुलगी लोटा घेऊन आली. तुम्ही लोटा हातात धरून ठेवलात, पाणी प्यायलाच नाहीत. "हेच लहान का?" तुम्ही विचारलंत.

"हेच. तुया पाठीवरची."

"पोहता येते इले?"

"कोण शिकवीन? आमच्यात कोणाले येते?"

मग तुम्ही पाणी प्यायलात, सगळं, एका दमात. लोटा खाली ठेवून माझ्याकडे बोट केलंत. "हे शिकवीन."

बाई रडायला लागली ती तेव्हा. आधी सगळं सांगताना ती रडली नव्हती.

डोंग्यातून परत येताना मी रडत होते. मधोमध आल्यावर तुम्ही हात पाण्यात घातलात आणि विचारलंत, "कोठी ओढलं तुले?" रागानं नाही, विहिरीचा झरा कुठं फुटला असं विचारावं तसं. मी जागा दाखवली. तुम्ही बराच वेळ तिकडे पाहिलंत. "तिथंच ओढते," म्हणालात. घरी आईनं मला बडवलं, मग पोटाशी धरलं, मग पुन्हा बडवलं. तुम्ही मारलं नाहीत. तुम्ही ओसरीवर बसून भोपळ्यांच्या जुन्या दोऱ्या काढल्यात आणि एकेक ताणून पाहत होता. तेव्हा मला आठवली त्या पावसाळ्यातली एक रात्र. तुम्ही निथळत घरी आला होता, जेवला नव्हता, आणि आईनं काही विचारलं नव्हतं. भोपळे आणि विहीर त्याच्यानंतरचे.

पुढच्या उन्हाळ्यात, नदी काठाशी कमरेएवढी झाल्यावर, आपण बाजाराचा दिवस सोडून पल्याड जायचो. नाका काही बसला नव्हता. राज्यं दोन झाली, पण डोंगेवाल्यानं तीच उतराई घेतली आणि कोणी कोणाला अडवलं नाही. मी तिला हनुवटीखाली हात धरून शिकवायची. तुम्ही काठावर बसायचा, धोतर खोचून, कधीही उडी घालता येईल असे. ती माझ्याहून लवकर शिकली. बाई शेंगदाण्याची चटणी आणि भाकर आणायची आणि तुम्ही आता वर जाऊन, तिच्या मांडवाखाली, नीट मांडी घालून जेवायचा. त्या मुलीच्या लग्नात मामाच्या जागी तुम्ही उभे होता. अंतरपाट धरण्याआधी तुम्ही त्याचं टोक दोनदा ताणून पाहिलंत.

पण नियम तुम्ही उठवला नाहीत. तुम्ही काठावर असाल तर नदी, नसाल तर नाही. माझं लग्न होऊन मी आदिलाबादला आले तोवर तो चालू होता. हेच मला अजून समजत नाही. भीतीपोटी माणूस एक तर लेकराला पाण्याजवळ जाऊ देत नाही, नाही तर त्याला पोहायला शिकवून सोडून देतो. तुम्ही दोन्ही केलंत, आणि दोन्ही पूर्ण केलंत. माझ्या मुलांना मी हजार गोष्टींची मनाई केली, पण असं एकही मला जमलं नाही की ज्याची मनाई केली तेच आधी त्यांना नीट शिकवून ठेवलं. हे तुम्ही ठरवून केलंत का? की त्या वर्षी हात जे करत गेले ते करत गेले, आणि नंतर तोंडातून नियम आला? आई होती तोवर तिला विचारलं. ती म्हणाली, "मले काय सांगत होते ते? दोऱ्या तपासत बसत."

तुम्ही असतात तरी मी हे समोर बसून विचारलं नसतं, म्हणून तर लिहिते आहे. लिहून झालं की कागद घडी करून उशीखाली ठेवीन, आणि सून चादरी बदलेल तेव्हा जाईल कुठेतरी. पण एक गोष्ट तुम्हाला चुकीची माहीत आहे. डोंग्यात मी रडत होते, ती घाबरून किंवा पस्तावून, असं तुम्ही समजलात आणि माझ्या डोक्यावर तुमचं पागोटं ठेवलंत. मी थोडी त्या बुडालेल्या मुलीसाठी रडत होते, ते खरं. पण जास्त रडत होते ते यासाठी, की आता ते पुन्हा कधी होणार नव्हतं. नदीच्या मधोमध, पाठीवर पडल्यावर, खालून धार मला नेत होती, आणि बाबा, मी तेव्हा हसत होते.