मुलींचा बाक

सिलाशपताक
३ ऑक्टोबर २००४

प्रिय इल्का,

देवाची शांती तुझ्या घरावर असो. नाताळ लांब आहे, त्यामुळे माझं पाकीट पाहून तुला वाटेल, कुणी गेलं. कुणी गेलेलं नाही. माझा गुडघा सोडला तर सगळं ठीक आहे. आलुबुखार यंदा फांद्या मोडेपर्यंत आले. तीन दिवस मुरंबा ढवळत होते, अजून खांदा दुखतो.

कळवायच्या गोष्टी दोन. आपल्या चर्चचं काम संपलं. आमची रविवारची उपासना आत चालूच आहे, पण एकतीस तारखेला, धर्मसुधारणेच्या रविवारी, ते समारंभाने पुन्हा उघडणार. बिशप येणार, शहरातून लोक येणार, तीनशे माणूस होईल म्हणतात. दुसरी गोष्ट म्हणजे सोबतचा कागद. त्यावर तुझी सही हवी आहे. त्याचं नंतर लिहिते.

दोन वर्षं छत उतरवलेलं होतं. चौऱ्याऐंशी रंगवलेल्या फळ्या, प्रत्येकीच्या पाठीवर खडूने आकडा, शाळेच्या रिकाम्या वर्गात भिंतीला टेकवून ठेवलेल्या. आता त्या धुऊन पुन्हा चढवल्या आहेत. लाल इतका लाल आहे की आपण लहानपणी पाहत होतो तो सगळा धूरच होता असं वाटतं. सुताराने कधी न पाहिलेला सिंह काढला आहे ना, त्याला आता भुवयाही दिसतात. माणसाच्या आहेत.

नवे पाळक लेहेल शहरातले आहेत. तिशीचे. दर दुसऱ्या रविवारी तीन गावं करून इथे येतात. ते म्हणाले, "बोरबालाताई, पाहुण्यांसाठी चर्चची पुस्तिका काढू. तुम्ही सांगा, मी लिहितो." मी म्हटलं, "तुम्ही लिहिलंत तर चुकेल. मीच लिहिते." किल्ली माझ्याकडे, घंटा माझ्याकडे, तर लिहिणार दुसरं कोण?

मग लिहिलं. भिंती आपल्या पंथाहून जुन्या आहेत. आपले लोक आले तेव्हा त्यांनी वेदी काढली, संतांवर चुना फासला आणि मधोमध एक साधं मेज ठेवलं. मनोऱ्यावर क्रूस नाही, तारा आहे. मोठ्या मनोऱ्याच्या चार कोपऱ्यांना चार छोटे मनोरे आहेत, म्हणजे पूर्वी या गावाला देहदंड द्यायचा हक्क होता. हे मी रेबीमावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हक्क होता म्हणे! आता गावात कोंबडी कापायला पुरुष मिळत नाही." ती एक्क्याण्णव वर्षांची झाली. मंडळीत आता आम्ही बाराजण.

काम करताना उत्तरेच्या भिंतीवरचा चुना खरवडला, तर आत एका बाईचा चेहरा निघाला. संत असावी. बरोबर मुलींच्या बाकाच्या वर. रेबीमावशी भडकली. "आपल्या माणसांनी झाकलं ते काय वेडे होते म्हणून? झाकलेलं उकरू नये." पण तिहामेर, म्हणजे कामावरचा वास्तुतज्ज्ञ, ऐकेना. चेहरा राहिला. प्रवचन चालू असताना ती माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत असते.

हाच तिहामेर एक दिवस कॅमेरा घेऊन बाकाशी आला.

"तुम्ही कुठे बसता?"

"इथेच."

"पण हा तर मुलींचा बाक ना?"

"मी मुलगीच आहे."

तो हसला, मग कानापर्यंत लाल झाला. मला त्याची दया आली. मग त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे हा अजून वापरात आहे! उत्तम. हलू नका हं." त्याने फोटो काढला. पुस्तिकेच्या नवव्या पानावर आहे. खाली छापणार आहेत: मुलींचा बाक, १७७१. आजही मूळ उपयोगात.

इल्का, मी बावन्न वर्षांची आहे.

आता कागदाचं. आईची जागा, बायकांच्या तिसऱ्या बाकातली भिंतीकडची, नऊ वर्षं रिकामी आहे. मी मंडळीच्या पंचांना म्हटलं, बाक बदलायची वेळ झाली, मी तिथे बसते. पाळक लगेच हो म्हणाले. त्यांना वाटलं खुर्ची सरकवण्याइतकं सोपं आहे. पण पंच म्हणाले, जागा लग्न झालेल्या मुलीकडे जाते. आणि रेबीमावशी म्हणाली, "बोरी, तुझ्यावर माझी माया आहे. पण बिनलग्नाची मुलगी ती मुलगीच. जागा इल्काची. तिने लिहून दिलं तर खुशाल बस." म्हणून हा कागद. चार ओळींचा आहे. मी त्या मऊ शब्दांत लिहिल्या आहेत.

तू म्हणशील, बाराजणांत कोण कुठे बसतं याने काय फरक पडतो. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला मेजाकडे जाताना पडतो. आधी पुरुष उठतात, पाचजण. मग तरुण, म्हणजे कुणीच नाही, पण पाळक त्यांच्या रिकाम्या सज्ज्याकडे बघून क्षणभर थांबतात, तशी रीत आहे. मग बायका, सहा. त्या बसल्या की पुन्हा थांबतात. मग मी उठते. माझ्या टाचांचा आवाज दगडावर होतो आणि सगळे तो ऐकतात. इतकी वर्षं अकराजणांपुढे चालले, ते वेगळं. तीनशे लोकांपुढे मला तसं चालायचं नाही.

इथपर्यंत काल लिहिलं होतं आणि पाकीटही चिकटवणार होते. आज पुन्हा बसले आहे, कारण मधली एक गोष्ट मी गाळली.

पुस्तिकेत चर्चचा आराखडा आहे. पाळकांनी मला त्यावर जागोजाग घराण्यांची नावं लिहायला सांगितलं. अर्ध्या तासात झालं. पुरुषांचं दार, बायकांचं दार, कुदोरांचा बाक, कोर्पोशांचा बाक. मुलींच्या बाकावर नऊ जागा आहेत. मी आपल्या वेळच्या मुली लिहिल्या. पाळकांनी कागद पाहिला.

"दुसरी जागा कुणाची?"

"रिकामी."

"कधीपासूनची?"

"मी तिथे गीतांचं पुस्तक ठेवते," मी म्हटलं.

ते तरुण आहेत, त्यांना काही माहीत नाही. पुढे काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, तुला लिहायची वेळ आली नसती.

सत्याहत्तरचा पेंटेकॉस्टचा सण. बाक सोड असं आईने तुला घरी सांगितलं नव्हतं. बाबांनीही नाही. पंच अजून निवाड्याला बसलेच नव्हते. तुझं पोट दिसायला लागलं होतं, सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मी बाकावरची पहिली होते. पहिल्या मुलीने आपलं पुस्तक त्या जागेवर ठेवायचं. जिची जागा असेल तिने समजायचं. बोलायचं कुणीच नाही. तू आलीस तेव्हा गीत सुरू झालं होतं. तीन कडवी तू उभी होतीस. माझ्याकडे पाहिलं नाहीस, पुस्तकाकडे पाहत होतीस. मग सगळं चर्च ओलांडून मनोऱ्याखालच्या बाकावर जाऊन बसलीस, दारातल्या वाऱ्यात. चार रविवार. पाचव्या आठवड्यात तू बसने गेलीस.

इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आले की मला सांगितलं गेलं. रीत होती, घराची अब्रू होती. मला कुणीही सांगितलं नव्हतं. मी पुस्तक मांडीवर ठेवलं असतं, तर काय झालं असतं मला ठाऊक नाही. कदाचित काहीच झालं नसतं.

आणि मला तुझी लाजही वाटली नव्हती. ते खरं असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. मी पंचवीस वर्षांची होते. दर हिवाळ्यात एकेक जण माझ्या शेजारून उठून बायकांकडे जात होती. तूही जाणार होतीस. निदान तुला कुणीतरी हात लावला होता. मला हेवा वाटला, इल्का. पुस्तक मी हेव्याने ठेवलं.

ते अजून तिथेच असतं. मुद्दाम नाही. बसले की हात आपोआप जातो. काल ठरवून मांडीवर घेतलं होतं. दुसऱ्या गीताला खाली पाहिलं, तर ते तुझ्या जागेवर होतं.

मला तुझ्याकडे यायचा विचार कधी आला नाही असं नाही. एकदा तुझ्या देब्रेत्सेनच्या गाडीची वेळही विचारून आले. पण रविवारी घंटा कोण वाजवणार, असं म्हणत परत फिरले. ते कारण चांगलं होतं. माझ्याकडची सगळी कारणं चांगली आहेत.

कागद पाकिटातून काढून घ्यावा असं वाटलं. काढला नाही, पण त्यावर सही करू नकोस. सही केलीस तर मी आईच्या जागी बसेन, बायकांबरोबर चालत जाईन, आणि तीनशे लोकांत कुणाला काही कळणार नाही. कालपर्यंत मला तेच हवं होतं.

आराखडा शुक्रवारी छापायला जाईल. मुलींच्या बाकावर दुसऱ्या जागी मी तुझं नाव लिहून दिलं आहे. रेबीमावशीने चष्मा लावून पाहिलं. "हे छापणार?" म्हणाली. मी हो म्हटलं. तिने चष्मा उतरवला. मग म्हणाली, "मग तिच्या पोरीचंही नाव विचारून घे. आम्हाला कुणाला माहीत नाही."

मलाही माहीत नाही. तुझ्या नाताळच्या कार्डावर फक्त तुझी सही असते.

एकतीस तारखेला ये. आईची जागा तुझी आहे, तिथे बस. बायकांमध्ये तू वयाने सगळ्यात लहान, म्हणून तू शेवटी उठशील. तुझ्यामागे मी. मेजापर्यंत पंधरा-सोळा पावलं आहेत. तेवढी मला तुझ्या पाठीकडे बघत चालायची आहेत. माझ्याशी बोलू नकोस. बोललं पाहिजे असं नाही.

नाही आलीस, तरी मी बाकावरच असेन. मला दुसरीकडे बसता येत नाही.

तुझी जागा अडवून बसलेली,
बोरबाला