कॅरिनची बंदूक आणि ओसरीवरचं पाऊल

मिनेसोटा, ऑगस्टअखेर

प्रिय डॉर्थी,

आधी खुर्चीत बस. आपली लेक कॅरिन सुखरूप आहे, आणि तिला घर विकायची काही गरज नाही.

पहाटे तिच्या ओसरीवर कुणीतरी चोरपावलांनी येतं, म्हणून तिने मला बंदूक निवडायला बोलावलं ना? दुकानदाराने दोन पंप-अॅक्शन, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायच्या, बंदुका पुढे ठेवल्या, रेमिंग्टन आणि मॉसबर्ग. घराला आणि रानकोंबड्यांच्या शिकारीला दोन्ही चांगल्या. मी जन्माचा रेमिंग्टनवाला. पण लेक तुझ्यासारखी डावखुरी, आणि मॉसबर्गचा सुरक्षेचा खटका वर अंगठ्याखाली असतो, दोन्ही हातांना सारखाच सोयीचा. तीच घेतली.

"हरलात की आजोबा!" दुकानदार म्हणाला.

"लेकीपुढे हरलेलं चालतं," मी म्हटलं.

काल पहाटे पुन्हा पावलं वाजली. बंदूक कुलपात होती, काडतुसं वेगळ्या डब्यात, मी बजावलं होतं तसंच. खिडकीतून डोकावलो, तर शेजारचा अर्विड! दाराशी परसातल्या झुकिनी भाजीची भरली पिशवी ठेवून पळायच्या बेतात.

"अरे, दार वाजवायचं की!"

"वाजवलं तर कुणी घेत नाही हो, हार्लनकाका! सगळ्यांच्याच परसात ढीग लागलेत!"

कॅरिन हसता हसता रडली. मी मात्र ते कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलं; बंदूक भरून हाताशी असती, तर?

आज सकाळी तो फाटकापासूनच हाका मारत आला.

तुझा गुडघा कसा आहे? आणि आपल्याकडची उरलेली झुकिनी कुणाच्या ओसरीवर ठेवायला जाशील, तर बाई, आधी मोठ्याने हाक मार.

तुझाच,
हार्लन