रविवारी सिनेमाऐवजी काय झालं

तीर्थस्वरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (खरोखरचा साष्टांग घालायला या खोलीत जागा नाही. एका बाजूला फिल्मचे डबे आहेत आणि दुसऱ्या बाजूला बालमेळ्यातला पुठ्ठ्याचा डोंगर. तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? काकांना जेवण जातं ना नीट? इकडे मी खुशाल आहे, म्हणजे हे पत्र लिहीपर्यंत तरी नोकरीवर आहे.

परवा तू केंद्रावर फोन केलास, पण लाइनमध्ये इतकी खरखर होती की मला 'सिनेमा', 'शेजारी' आणि 'लाज' एवढेच शब्द ऐकू आले. बाकीचं मी जुळवून घेतलं. तुझं रागावणं रास्त आहे. गल्लीत टीव्ही काय तो तुझ्याकडे. रविवारी संध्याकाळी निम्मी गल्ली तुझ्या पुढच्या खोलीत येऊन बसते, आणि भाचा टीव्ही केंद्रात असल्यामुळे सिनेमा बुडाला की जाब तुलाच विचारतात, जणू काही रीळ तूच फडताळात लपवून ठेवलंस. म्हणून घडलं ते सविस्तर कळवतो. शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही; फक्त ताज्या कलमाच्या आधी थांब.

त्या रविवारी आमच्या साहेबांनी (म्हणजे केंद्राच्या प्रमुखांनी) पहिल्यांदाच अख्खा दिवस माझ्यावर सोपवला. त्यांच्या घरी पाहुणे यायचे होते आणि पाहुण्यांना टीव्ही दाखवायचा होता. "कार्यक्रम सगळे सरळ आहेत. तू फक्त मधे मधे करू नकोस," एवढं सांगून ते गेले. कार्यक्रम खरोखरच सरळ होते. दुपारी बागकाम, मग बालमेळा, मग सिनेमा आणि सिनेमाच्या मध्यंतरात बातम्या. असा दिवस कुणीही सांभाळला असता, असं मला तरी सकाळी वाटलं होतं.

बागकामाला शेतकी कॉलेजचे एक प्राध्यापक आले होते. गुलाबाची छाटणी दाखवायची होती. माणूस अतिशय सौम्य, पण कात्री हातात आली की त्यांना भान राहत नाही. बोलता बोलता त्यांनी ते झाड असं काही साफ केलं की शेवटी कुंडीत एक काडी उरली. तिच्याकडे कौतुकाने बघत ते म्हणाले, "आता बघा कशी भरभरून फुलं येतील." कॅमेरामनने ती काडी जवळून दाखवली. (आपल्या पडद्यावर सगळं काळं-पांढरंच दिसतं ते एका परीने बरं. ती काडी रंगीत बघवली नसती.)

बालमेळ्यात ससा लागतो. नेहमी ससा होणाऱ्या नटाला गालगुंड झालं होतं आणि सशाचं डोकं त्याच्या डोक्यात शिरेना. मग आमच्या निवेदिकेने गळ घातली म्हणून वृत्तनिवेदक ससा व्हायला तयार झाले. तुला ते माहीत आहेत. ते हवामान सांगतात तेव्हासुद्धा आपण सावरून बसतो, असा त्यांचा आवाज. बातम्यांना अवकाश होता, माणूस भला होता आणि मुलं हिरमुसली असती. खोटं कशाला सांगू, ते उड्या फार छान मारतात. मुलांनी त्यांचे कान ओढले तरी चेहऱ्यावरची गंभीरता ढळली नसावी. (ती मुखवट्याच्या आत असल्यामुळे नक्की सांगता येत नाही.)

बालमेळा संपला आणि सिनेमाचे डबे आले. डब्यांवर नाव बरोबर, सील शाबूत. रीळ चढवलं, निवेदिकेने गोड हसून 'आता पाहू या' म्हटलं आणि पडद्यावर एक गाय आली. मला वाटलं, कौटुंबिक चित्रपट आहे, घरची गाय असेल. मग एका हाताने त्या गायीचा पाय उचलला आणि खुरांची निगा कशी राखावी ते एक आवाज सांगू लागला. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. ते पाहुण्यांसमोर बोलत असल्यामुळे आवाज दबका होता. "ही गाय नायकाची का?" मी म्हटलं, साहेब, या सिनेमात नायक नाही. हा जनावरांच्या डॉक्टरांसाठी काढलेला माहितीपट आहे. (डब्यांची कुठेतरी अदलाबदल झाली होती. आपला सिनेमा त्या वेळी कुठल्या तरी पशुवैद्यकीय कॉलेजात चालू असणार. तिथल्या विद्यार्थ्यांनी तक्रार केल्याचं अजून तरी कानावर नाही.) साहेबांनी पाहुण्यांना आणखी चहा हवा का ते विचारलं. मग म्हणाले, "काहीही कर, पण पडदा काळा होता कामा नये."

खुरं चार असली तरी सगळ्यांची निगा सारखीच असते, त्यामुळे माहितीपट लवकर संपला. मी धावत जाऊन, बालमेळा आणि गाय बघून निघालेल्या प्राध्यापकांना फाटकातून परत आणलं. छाटायला काही उरलं नव्हतं, म्हणून 'प्रेक्षकांची पत्रं' असा कार्यक्रम जाहीर केला. पत्रं नव्हतीच. निवेदिका कोऱ्या कागदाकडे बघून धडाधड प्रश्न रचत होती आणि प्राध्यापक कात्री हातात धरून, त्या काडीवर हात ठेवून, मनापासून उत्तरं देत होते. 'माझ्या शेवंतीला माझी सासू पाणी घालू देत नाही, काय करावं?' याचंही त्यांनी शास्त्रीय उत्तर दिलं. मला जरा हायसं वाटलं. मी चहा मागवला. आणि तो चहा घेत असताना मेकअपच्या खोलीतून, बातम्यांतला तो भारदस्त आवाज ऐकू आला, "कुणीतरी मला यातून बाहेर काढा."

सशाचं डोकं निघालं होतं, पण पाठीवरची चेन कापडात अडकून तुटली होती. अंगरखा गळ्यापासून पायापर्यंत सलग आणि पंजे बाह्यांना शिवलेले. कपडेपट सांभाळणारा रविवारची सुट्टी घेऊन, कपाटाला कुलूप लावून गेलेला. इमारतीत कात्री एकच, ती प्राध्यापकांच्या हातात, आणि ती तर घराघरांत दिसत होती. आम्ही पाळीपाळीने चेन ओढली. मी पक्कड लावली तेव्हा ससा आणि मी दोघेही पडलो. तोवर बातम्यांची वेळ झाली.

बातम्या थांबत नाहीत, आत्या. मग मी माझा कोट त्यांना वरून चढवला. गळ्याभोवती रुमाल बांधला. टेबलाच्या वर वृत्तनिवेदक आणि टेबलाखाली ससा, असं सगळं बसवलं. प्रश्न राहिला कागदांचा. पंज्यांनी पान उलटेना. तेव्हा मी टेबलाखाली बसायचं आणि बाजूने हात वर काढून पानं उलटायची, असं ठरलं. साहेबांनी मधे मधे करू नकोस म्हणून सांगितलं होतं ते मला तिथे, त्या शेपटीशेजारी बसल्यावर आठवलं.

पहिली पानं सुरळीत गेली. (पडद्यावर माझा हात त्यांच्या चेहऱ्यापेक्षा काळा दिसला असेल, पण बातम्यांत हाताकडे कोण बघतं?) मग दोन पानं एकमेकांना चिकटली आणि मी ती एकदम उलटली. मंत्र्यांच्या दौऱ्याची बातमी अर्ध्यावर होती आणि पुढे सरळ हवामान आलं. त्या माणसाला मानलं पाहिजे. आवाजात तसूभर फरक न करता त्यांनी वाचलं, की मंत्रिमहोदय सध्या समुद्रावर घोंगावत असून उद्या दुपारनंतर त्यांचा जोर ओसरण्याची शक्यता आहे.

चिकटलेली पानं सोडवावीत म्हणून मी घाईने वर आलो आणि टेबलावर डोकं आपटलं. पाण्याचा ग्लास कलंडला. वृत्तनिवेदकांनी तो सावरायला दोन्ही हात वर काढले, म्हणजे दोन्ही पंजे. पांढरे, केसाळ. आणि त्या दोन पंज्यांच्या मधोमध माझं तोंड. समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा. काय करावं ते सुचेना म्हणून मी हसलो. ते म्हणाले, "बातम्या संपल्या." मी अजून हसतच होतो.

पुढचं तू पाहिलंसच. 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' ही पाटी आम्ही लावली ती रात्रीपर्यंत काढली नाही.

मी त्या दिवशी घरी आलो तो राजीनाम्याचा मसुदा मनात जुळवतच. हे काम सोडून कुठेतरी कारकुनी करावी, असं अगदी नक्की केलं होतं. पण काल अक्का कामाच्या निमित्ताने इकडे आली होती, ती भेटायला आली. (तुझी लेक आता थेट तुझ्यासारखी चालते.) तिने जे सांगितलं ते फोनवर तूही सांगितलं असशील, मला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, आजारातून उठल्यापासून काका एक शब्द बोलले नाहीत. डॉक्टर म्हणतात की बोलता येईल, पण ते मनावर घेत नाहीत. खुर्चीत बसतात आणि समोर जे चालू असेल ते बघतात. त्या संध्याकाळी माझं तोंड टेबलावर आलं तेव्हा काका पुढे झुकले आणि गदागदा हलायला लागले. तू घाबरून पाणी आणायला धावलीस. परत आलीस तो ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मग पडद्याकडे बोट करून, सगळ्या गल्लीसमोर, स्पष्ट म्हणाले, "हे गाढव आपलंच!"

अक्का म्हणाली, तू तांब्या हातात धरून तशीच जमिनीवर बसलीस आणि बराच वेळ उठली नाहीस.

आत्या, मी तो मसुदा मनातून काढून टाकला आहे. गुडघ्याला शेक दे. काकांना नमस्कार. अक्काला आशीर्वाद द्यायचे होते, पण ती मोठी आहे, म्हणून नमस्कारच सांग.

तुझा भाचा

ता. क. शेजाऱ्यांना वाचून दाखवणं इथे थांबव. माझ्याविरुद्ध इतकी पत्रं आली आहेत की शिपाई ती पोत्यातून आणतो. साहेब मला डोंगरावरच्या मनोऱ्यावर पाठवणार आहेत. तिथे वरचा दिवा पेटलेला आहे की नाही एवढंच बघायचं असतं. कार्यक्रम आवडल्याचं एखादं तरी पत्र आलं तर ते विचार करतील, असं निवेदिका म्हणते. तुझं आडनाव आता वेगळं आहे (आत्या असण्याचा हा केवढा फायदा!), तेव्हा पत्र तुमच्याकडून यावं. मजकूर तू लिही, पण सही काकांचीच घे. हात थरथरत असेल तर थांबून थांबून करू दे. दुपार गेली तरी चालेल, वाकडी आली तरी चालेल.

पुन्हा ता. क. मजकूरही त्यांनाच सांगू दे, आणि ते बोलतील तसाच उतरवून घे. फक्त 'आपलंच' हा शब्द तेवढा गाळ, नाहीतर नातं उघडं पडेल. 'गाढव' राहू दे. त्याबद्दल साहेबांचंही दुमत नाही.