शिवणखोलीची ओली भिंत

३ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघं मजेत, माझा खोकला सोडून. शिवणखोलीत बसले की तो सुरू होतो, बाहेर पडले की थांबतो. तुमचे बंधुराज म्हणतात, धाग्यांची कुसं घशात जातात, शिवणकामच बंद कर. मला ते जमायचं नाही. कपाटामागच्या पुठ्ठ्याच्या पार्टिशनवर हिरवट-काळे केसाळ ठिपके आलेत, कुबट वास येतो. तिथे ठेवलेलं सुती अस्तर हातात धरताच फाटलं. तुम्ही दिवसभर बुरशीच बघता, म्हणून तुकडा पिशवीत बंद करून पाठवतेय. रागावू नका.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर यावं.

तुमची भावजय

१२ मार्च

प्रिय शिंपीणबाई,
अ. उ. आ.

तुझा तुकडा बघून आमची प्रयोगशाळा खूश आहे. ही कीटोमियमच्या कुळातली बुरशी. सूक्ष्मदर्शकाखाली इवलीशी गाडगी दिसतात, वर कुरळ्या केसांचं टोपलं. माझा भाऊ सकाळी उठतो तसा अगदी. मातीत ही मंडळी गुणाची, पालापाचोळा खाऊन जिरवतात. घरात मात्र पुठ्ठा, कागद, तुझं अस्तर, काहीच सोडत नाहीत. ओल असल्याशिवाय ती येत नाहीत, तेव्हा भिंतीत पाणी मुरतंय. खोकला डॉक्टरांना दाखव. पार्टिशन काढून टाका, पण मास्क लावून, आधी ओलं करून. भावाला सांग, शिवण नाही, गळती बंद करायची.

त्याला माझी आठवण, तुला जरा जास्त.

ताई

२ एप्रिल

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

वरच्या मजल्याचा पाइप गळत होता, प्लंबरने तो बदलला. मग यांनी पार्टिशन उतरवलं, तर मागे चक्क खिडकी निघाली. आधीच्या भाडेकरूने कपाटासाठी झाकलेली. काच पुसली आणि खोलीभर ऊन आलं. निळ्या कोटाची काजं मी काळ्या धाग्याने केली होती, ते तेव्हा कळलं. गिऱ्हाईक म्हणालं, असू दे, शोभतात. डॉक्टरांनी छाती तपासली, सगळं ठीक आहे. खोकलाही गेला.

काल खिडकी उघडून शिवत होते. रस्त्यावरून जाणाऱ्या एक बाई थांबल्या, इथे कपडे शिवून मिळतात का म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत तुमच्या बंधुराजांनी आतून सांगितलं, की मिळतात, आणि फार सुरेख मिळतात. मापाची टेप शोधायलाही तेच धावले.

लोभ असाच राहो, आणि तुम्हीही चार दिवस राहायला या.

तुमची भावजय