पिकोलेट इर्माला, त्वात्वा हर्मनला

मी योहाना लांडवेल्ट, वय एकोणऐंशी, कै. युजीन यांची पत्नी, राहणार परामारिबो, मुलगा हर्मन याच्या घराची मागची खोली. मला अक्षर येत नाही. शेजारची निवृत्त शिक्षिका सीलिया पिनास मी सांगते तसं लिहिते आहे. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. कुणाचं दडपण नाही. दडपण आणणारा जो आहे, तो आज रविवार म्हणून पक्ष्यांच्या गाण्याच्या चढाओढीला मैदानावर गेला आहे.

१. घर. ते देता येत नाही. चार वर्षांपूर्वी हर्मन म्हणाला, "आई, पक्षीमंडळाचा कागद आहे, लाव अंगठा." लावला. कागद माझ्या घराचा निघाला. महिन्याभरात घर विकलं गेलं.

"मावशी, हे मृत्युपत्रात बसत नाही," सीलिया म्हणते.

बसेल. दाबून बसव.

२. वाढदिवसाला कंद-कोंबडीचं पॉम भाजायचं मोठं भांडं सुनेला. भांडं नाही म्हणून तिने आजवर पॉम केलं नाही. आता दुसरं निमित्त शोधावं.

३. पक्षी दोन, दोन्ही मी हाताने भरवून वाढवलेले. गोत एक, स्वभाव वेगळे. पिकोलेट लहानखुरा, पोट विटकरी, चोच काळी, अखंड बडबड्या. कुठेही टांगा, गातो. त्वात्वा थोराड, काळाकुळकुळीत, चोच जाड नि पांढुरकी. मोजकंच गातो, पण बासरी वाजावी तसं. माद्या दोघांच्याही मातकट; त्यांना मैदानावर कुणी नेत नाही. ते कसं असतं, मला विचारा.

पिकोलेट मुलगी इर्मा हिला. ती दर दोन वर्षांनी भाड्याची खोली बदलते, त्याला चालेल. ती म्हणाली होती, "आई, मला घर नको होतं, तू हवी होतीस." खोटं होतं, पण गोड बोलली.

४. त्वात्वा हर्मनला.

"त्याला? मावशी, शुद्धीवर आहात ना?"

आहे. वर लिहिलंयस तूच.

घर सुटल्यावर त्वात्वाने वर्षभर चोच उघडली नाही. मी रोज पहाटे पिंजऱ्याशी बसून शीळ घालत राहिले, तेव्हा कुठे गळा सुटला. अजूनही रविवारी हर्मन उठायच्या आत मी शीळ घालते, त्वात्वा उत्तर देतो, मगच मैदानावर गातो. हर्मन चारचौघांत सांगतो, "माझ्या दाण्याची करामत!" मी कधी खोडलं नाही. ती शीळ कुणाला शिकवली नाही, इर्मालाही नाही, आणि या कागदात ती कुणाच्याही नावे नाही.

तरी त्वात्वा पिंजरा व करंडकांसह हर्मनचा. मी गेल्यावरच्या पहिल्या रविवारी त्याने तो मैदानावर न्यावा, सगळ्यांसमोर खांबाला टांगावा, आणि वाट बघावी.

हा कागद मी तीनदा वाचून घेतला. दोनदा सीलियाकडून, एकदा दाणेवाल्या वेन्सेलकडून. तिन्ही वेळा तोच निघाला.

योहाना लांडवेल्ट (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार :
सीलिया पिनास (सही)
वेन्सेल कार्टोसेन (सही)

परामारिबो, रविवार, १४ ऑगस्ट २०११